अंड्यावरच्या कोंबड्यांना अँटिबायोटिकऐवजी प्रोबायोटिक



आपल्या मदतीतून पाड्यांवरच्या कुटुंबांना कोंबडीची पिल्ले मिळतात. त्यांची निगा कशी राखावी हे शिकवायला मी तिथे जातो. बैठकीत हमखास एक प्रश्न येतो : "दादा, पाण्यात टाकायची पुडी आणली का?" ही पुडी अँटिबायोटिकची. पिल्ले धडधाकट असतानाही ती रोज दिली की मर होत नाही, अशी समजूत आहे. मी ती देत नाही. त्याचे कारण या पाठात सांगतो.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले की, खाद्यात थोडे अँटिबायोटिक मिसळले तर पिल्ले लवकर वाढतात. ही पद्धत जगभर पसरली. पण रोजच्या थोड्या मात्रेने दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात, वाढतात. विष्ठेतून, हातांतून, पाण्यातून ते घरात येतात. म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून केवळ वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे बंद केले. इतर औषधे हरल्यावर माणसांसाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन भारताने २०१९ मध्ये कोंबड्या व इतर पशूंसाठी वापरण्यास बंदी केली.

मग पिल्लांचे रक्षण कोण करणार? खुडूक कोंबडीखाली निघालेले पिल्लू आईजवळ टोचत, उकरत फिरते आणि तिच्या पोटातले उपकारक जंतू त्याच्या पोटात जातात. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला आईच भेटत नाही. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या शास्त्रज्ञांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यांतले जंतू नवजात पिल्लांना दिले. पुढे साल्मोनेलाशी गाठ पडली तेव्हा त्या पिल्लांचा चांगला बचाव झाला. एसटीतली सगळी बाकडी भरली की नव्या माणसाला बसायला जागा उरत नाही, तसेच हे आहे. उपकारक जंतू आतड्यातली जागा व अन्न अडवतात. काही जंतू आम्ल तयार करून रोगजंतूंना रोखतात.

प्रोबायोटिक म्हणजे असेच जिवंत, उपकारक जंतू : लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस सबटिलिस किंवा यीस्ट. काही प्रयोगांत त्यांनी अंड्यांचे प्रमाण व कवच सुधारले, तर काहींत फारसा फरक पडला नाही. जंतूंची जात, मात्रा आणि खुराड्याची स्वच्छता यांवर ते अवलंबून असते.

वापरताना मी या गोष्टी सांगतो :

१. पाकिटावर जंतूंचे नाव, संख्या आणि मुदत पाहावी. मात्रा त्यावर लिहिल्याप्रमाणेच द्यावी.

२. पाकीट उन्हात ठेवू नये. गरम पाण्यात किंवा टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्यात मिसळू नये, जंतू मरतात. मिसळलेले पाणी त्याच दिवशी संपवावे.

३. पिल्लू आल्या दिवसापासून सुरुवात करावी. रोगजंतूंच्या आधी जागा भरायला हवी.

४. तूस कोरडे, भांडी स्वच्छ आणि खाद्य बुरशीविना असावे. घाणेरड्या खुराड्यात प्रोबायोटिकचे काही चालत नाही.

प्रोबायोटिक हे आजारावरचे औषध नव्हे. मानमोडी विषाणूमुळे होते. तिच्यावर ना अँटिबायोटिक चालते, ना प्रोबायोटिक. तिथे वेळेवर लसच हवी. कोंबडी आजारी पडली तर पशुवैद्यकाला दाखवावे. त्यांनी अँटिबायोटिक दिले तर सांगितलेले सर्व दिवस द्यावे, आणि ते म्हणतील तितके दिवस अंडी खाऊ वा विकू नयेत, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

म्हणून मदत पाठवताना पिल्लांबरोबर लस, चांगले खाद्य आणि पाण्याची भांडी यांचाही विचार करावा. धडधाकट कोंबडीला अँटिबायोटिकची गरज नसते. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या लेकराला मात्र ते लागू शकते, आणि त्या वेळी ते लागू पडलेच पाहिजे.