जुन्या नोंदींची नक्कल कशी करावी

इंद्रायणीच्या कांठीं चऱ्होली नांवाचीं दोन गांवें आहेत. चऱ्होली बुद्रुक हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. नदीपलीकडील चऱ्होली खुर्द खेड तालुक्यांत आहे. बुद्रुक म्हणजे मोठें व खुर्द म्हणजे लहान, हें आपण जाणतोंच. जुन्या कागदांत मात्र हे शब्द बहुधा पुरते लिहीत नसत; गांवाच्या नांवापुढें 'बु' किंवा 'खु' एवढेंच अक्षर असे. नक्कल करणाऱ्यानें तें एक अक्षर गाळलें, तर एखाद्या कुटुंबाचा पणजा नदीच्या भलत्याच तीरावर जाऊन बसतो, आणि त्याचा शोध घेणारा पणतू चुकीच्या दप्तरांत चांचपडत राहतो. म्हणून जुन्या नोंदींची नक्कल कशी करावी, याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सामान्य माणसांचीं नांवें लिहून ठेवण्याची चाल निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीनें पडली. इंग्लंडांत १५३८ सालीं प्रत्येक चर्चनें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी, असा हुकूम झाला. रोमन कॅथॉलिक पंथांत १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें अशाच वह्या ठेवण्यास सांगितलें. पुढें मिशनऱ्यांबरोबर ही वही आपल्या देशांतही आली. आपल्याकडे नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रीं तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू आपल्या बापआज्यांचीं नांवें लिहवीत आले आहेत. गांवीं जन्ममृत्यूची नोंदवही असे, आणि शाळेंत जनरल रजिस्टर. राजांच्या बखरी पुष्कळ आहेत. पण शेतकरी, सुतार, परीट यांचें नांव कोठें सांपडावयाचें असेल, तर तें याच वह्यांत.

या वह्यांची किंमत २०२३ सालीं साऱ्या महाराष्ट्रास कळली. मराठा समाजांतील ज्यांच्या पूर्वजांची नोंद कुणबी अशी सांपडेल त्यांस दाखला देण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि महसूल, जन्ममृत्यू व शाळा यांचीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं. पुष्कळ नोंदी मोडी लिपींत होत्या, आणि मोडी वाचणारे थोडे. त्या प्रश्नाच्या कोणत्याही बाजूविषयीं आम्हांस येथें बोलावयाचें नाहीं. एवढेंच सांगावयाचें कीं, कोण्या लेखकानें कधीं काळीं टांकानें ओढलेल्या एका ओळीवर नातवंडांचें शिक्षण व नोकरी अवलंबून राहूं शकते. तेव्हां ती ओळ चुकीची वाचणें हा लहान अपराध नव्हे.

आतां पाठाकडे वळूं. उदाहरणासाठीं एक कल्पित नोंद घ्या: 'रामा वलद सखोजी, मौजे चऱ्होली बु, उमर ४०'. 'वलद' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा पुत्र. स्त्रीच्या नांवापुढें 'कोम' असेल, तर अमक्याची पत्नी. म्हणजे येथें सखोजी हा रामाचा बाप होय.

पहिला नियम असा कीं, जसें असेल तसेंच उतरावें. 'रामा' याचें 'रामचंद्र' करूं नये आणि 'उमर' याचें 'वय' करूं नये. मोडींत इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळीत नसत. त्याबद्दल जुन्या लेखकास आपण व्याकरण शिकवूं नये.

दुसरा नियम: जें अक्षर लागत नाहीं, तेथें प्रश्नचिन्ह घालावें. मोडींत सबंध ओळीची शिरोरेषा आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहीत, आणि दोन शब्दांमध्यें जागाही सोडीत नसत. त्यामुळें भल्याभल्यांचीही फसगत होते. अडल्याची कबुली देणारी नक्कल उपयोगी पडते; बेधडक तर्कानें भरलेली नक्कल दुसऱ्यास फसविते.

तिसरा नियम तिथीचा. मूळ तिथि व शक तसेच ठेवून इसवी सन बाजूस वेगळा लिहावा. शके १८१० च्या चैत्रांतील जन्म इसवी सन १८८८ मधील. पण त्याच शकाच्या फाल्गुनांतील जन्म १८८९ मधील होय. नुसते ७८ मिळवून मोकळे होणारा येथें एका वर्षानें चुकतो.

चौथा नियम: एकानें उतरलेली नोंद दुसऱ्यानें मुळाशीं ताडून पाहावी. आपली चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं.

हें काम पगारी माणसांनींच करावें असें नाहीं. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांत राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेण्यासाठीं १९९८ सालीं इंग्लंडांत एक संस्था निघाली. मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांतून लंडनला गेलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी तिचे स्वयंसेवक फावल्या वेळीं उतरून काढितात. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, वाड्यांतून धूळ खात पडलेले कागद मिळविले व छापले. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेंही त्यांच्याच प्रेरणेनें.

मात्र वही ज्यांच्या ताब्यांत आहे त्यांची परवानगी प्रथम घ्यावी, हात स्वच्छ असावेत, व पान थुंकी लावून उलटूं नये. हयात माणसांची माहिती चव्हाट्यावर आणूं नये. कोठें एकाच घरच्या तीन अर्भकांचे मृत्यू एका पानावर दिसतील, कोठें बापाच्या नांवाची जागा कोरी असेल. तेथें हंसूं नये, आणि गांवांत त्याची वाच्यताही करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत आरंभ घरापासूनच करा. आजीजवळ बसून तिच्या सासरचीं व माहेरचीं नांवें, ती सांगेल त्याच उच्चारानें, वहींत उतरा. पालकांनींही आपल्या ट्रंकेंतील जुने दाखले मुलांस दाखवावेत. चऱ्होलीच्या आसपास कारखाने उभे राहिले, नवीन इमारतींत दूरदूरच्या गांवचीं कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांच्या मुलांनीं आपलें मूळ गांव लिहितांना बुद्रुक कीं खुर्द, हें आजच विचारून ठेवावें. सांगणारीं माणसें आज घरांत आहेत, तोंवर हें काम सोपें आहे.