कुत्र्याचें उकरणें : कारणें व उपाय

बागेची हौस आणि कुत्र्याची हौस या दोहोंचें एका घरांत सहसा पटत नाहीं. सायंकाळीं झेंडूचीं रोपें लावावीं, आळीं करून पाणी घालावें, आणि सकाळीं पाहावें तों रोपें उन्मळून पडलेलीं, मुळें उघडीं पडलेलीं व मध्यें हातभर खड्डा! घरचीं माणसें संतापून कुत्र्यास खड्ड्यापाशीं ओढून नेतात, त्याचें नाक मातींत घासतात आणि दोन छड्या देतात. दुसरे दिवशीं नवा खड्डा तयार असतो. मग कुत्रा हट्टी आहे असा निकाल होतो, आणि पुष्कळ वेळां त्या मुक्या प्राण्याच्या नशिबीं जन्माची सांखळी येते. विद्यार्थिमित्रहो, निकाल देण्यापूर्वी आरोपीची बाजू ऐकून घेणें हा न्याय आहे. ही बाजू त्याला बोलून दाखवितां येत नाहीं. म्हणून ती आपणच अभ्यासून काढली पाहिजे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, उकरणें ही कुत्र्याची खोडी नसून त्याचा जातिस्वभाव आहे. लांडगा व कोल्हा हे त्याचे भाऊबंद उरलेलें भक्ष्य जमिनींत पुरून ठेवतात व भूक लागली म्हणजे उकरून खातात. घरचा कुत्रा पोटभर जेवूनही हाड पुरतो, तें याच वारशानें. मनुष्यानें तर कांहीं जाती मुद्दाम उकरण्यासाठींच वाढविल्या. ‘टेरियर’ हें नांव भूमि या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दापासून आलें आहे. बिळांतील जनावर हुसकून काढणें हें त्यांचें काम. ‘डॅक्सहुंड’ या जर्मन नांवाचा अर्थ बॅजर नांवाच्या बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीचा कुत्रा असा आहे. अशा जातीचा कुत्रा आणून त्यानें माती उकरूं नये अशी अपेक्षा करणें म्हणजे बदक आणून त्यास पाण्यापासून दूर ठेवण्यासारखें आहे.

दुसरें कारण उष्णतेचें. कुत्र्यास घाम येतो तो बहुतेक पंजांच्या तळव्यांसच. बाकी सारा ताप त्याला धापा टाकून कमी करावा लागतो. वरची तापलेली माती बाजूस सारली कीं खालची थंड माती पोटाला लागते. वैशाखांत गांवांतील कुत्रीं झाडाखालीं खळगा करून त्यांत पोट टेकून पडतात, हें कोणीं पाहिलें नाहीं? आतां बागेंत सर्वांत थंड व भुसभुशीत जागा कोणती? आपण नुकतेंच पाणी घातलेलें आळें! तेव्हां तो नेमकें नवेंच रोप उपटतो यांत द्वेष नाहीं. आपणच त्याच्यासाठीं गादी घालून ठेवलेली असते.

तिसरें कारण वास. कुंपणाशीं घुशीचें बीळ असेल तर कुत्रा त्याच्या मागें लागतो. खतांत हाडांचा चुरा असला तर खालीं हाड पुरलें आहे असें त्यास वाटतें. येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. बागेस एरंडीची पेंड घालण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणीं आहे. एरंडीच्या बियांत रायसिन नांवाचें जहाल विष असतें. घाण्यांत तें तेलाबरोबर न उतरतां पेंडींत राहतें. पुरेशी उष्णता देऊन पेंड निर्विष केलेली नसेल, तर ती खाल्लेला कुत्रा वांत्या व रक्ताचे जुलाब होऊन प्राणास मुकूं शकतो. कुत्रा असलेल्या घरीं ही पेंड वापरूं नये. चांगलें कुजलेलें शेणखत पुरेसें आहे. कुत्र्यानें ती खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें.

चौथें कारण रिकामपण. दिवसभर बांधून ठेवलेला किंवा एकटा सोडलेला कुत्रा वेळ घालविण्यासाठीं उकरतो. फाटकाखालची माती उकरणाऱ्याला बहुधा बाहेर जावयाचें असतें. याखेरीज कुत्रीचा गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा असतो, व दिवस भरत आले म्हणजे ती पिल्लांसाठीं जागा उकरूं लागते. तिला रागें न भरतां आडोशास कोरडें अंथरूण घालून द्यावें.

आतां शिक्षेविषयीं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यानें १८९८ सालीं प्राण्यांच्या शिकण्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधान मिळतें ती कृति प्राणी पुनः पुनः करतो, हें त्यानें दाखविलें. कृति व फळ यांत अंतर पडलें कीं त्यांचा संबंध तुटतो. रात्रीं उकरलेल्या खड्ड्याबद्दल सकाळीं मारलेली छडी कुत्र्याच्या लेखीं खड्ड्याची शिक्षा नसून, धनी जवळ आला कीं मार बसतो एवढाच तिचा अर्थ. “पण तो मान खालीं घालतो, त्याला अपराध समजतो,” असें कोणी म्हणेल. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनीं २००९ सालीं हेंच तपासून पाहिलें. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानें खाल्ला असो वा नसो, धन्यानें रागें भरलें कीं तो अपराधी दिसे; किंबहुना निरपराध कुत्रा अधिकच अपराधी दिसे. म्हणजे ती मुद्रा कबुलीची नसून भीतीची आहे.

मग करावें काय? पहिलें काम वहीचें. आठ दिवस कुत्रा कोठें, कोणत्या वेळीं व कोण घरीं असतांना उकरतो हें टिपून ठेवा. दुपारीं व ओल्या जागीं असेल तर कारण उष्णता; कुंपणाशीं असेल तर घूस किंवा बाहेरची ओढ; सारे बाहेर गेल्यावर असेल तर एकटेपणा. कारण कळलें कीं उपाय आपोआप सुचतो. उष्णतेवर सावली, ताजें पाणी व ओलें पोतें. रिकामपणावर सकाळ-सायंकाळ फिरणें व खेळ.

जो जातीनेंच उकरणारा आहे त्याला त्याची हक्काची जागा द्यावी. सावलींत ४ फूट लांब, ३ फूट रुंद व दीड फूट खोल खड्डा करून कडेस विटा लावाव्या व आंत वाळू भरावी. त्यांत त्याचें खेळणें किंवा भाकरीचा तुकडा वरवर पुरावा. वाफ्यांत उकरतांना दिसला कीं त्याच क्षणीं हांक मारून वाळूकडे न्यावें, व तेथें उकरूं लागला कीं शाबासकी द्यावी. वाफ्यांत रोपांभोंवतीं चपटे दगड ठेवावे, किंवा मातीच्या पातळ थराखालीं तारेची जाळी पसरून तिचीं टोकें आंत वळवावीं. हें सारें एका दिवसांत साधत नाहीं. घरांतील सर्वांनीं एकच नियम कित्येक आठवडे पाळला पाहिजे.

मिरचीची पूड टाकणें, कांटे पसरणें किंवा डांबराच्या गोळ्या पुरणें हे उपाय नव्हेत. पहिले दोन क्लेशकारक आहेत आणि तिसरा विषारी. घुशीसाठीं विष घालणेंही तितकेंच धोक्याचें. प्राण्यास मारणें अथवा अतिशय आंखूड सांखळीनें अवाजवी काळ बांधून ठेवणें हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे.

तात्पर्य, झेंडूचें रोप पुन्हां लावतां येतें. धन्याच्या पावलाची भीति एकदां मनांत बसली कीं ती काढणें फार कठीण जातें. यास्तव पुढच्या वेळीं खड्डा दिसला कीं छडीऐवजीं वही हातीं घ्या.