वजन घटले, पण हाडांचा हिशोब काय?

गादीवर दिवसभर बसणारा व्यापारी असो की शिलाई मशीनवर वाकलेला कारागीर, वाढत्या वजनाची तक्रार दोघांचीही आहे. वजन उतरविणारी नवी इंजेक्शने 2025 साली आपल्या देशातही विक्रीस आली. त्यापुढचा इलाज म्हणून आता ‘एमआरएनए’चे नाव घेतले जाते. माल नवा असला की आधी तो समजून घ्यावा, मग भाव विचारावा.

आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिने बनविण्याचा जणू कारखानाच चालतो. मूळ नक्षी तिजोरीत असते. कारखान्यात तिची नक्कल जाते. ही नक्कल म्हणजे एमआरएनए. कारागिराला आपण नमुन्याची चिठ्ठी देतो, तसेच हे. काम झाले की चिठ्ठी नष्ट होते, मूळ नक्षीला धक्का लागत नाही. बाहेरून योग्य चिठ्ठी पाठविली, तर शरीर स्वतःच औषध तयार करील, असा हा विचार आहे.

यात दोन अडचणी होत्या. शरीर परक्या चिठ्ठीला शत्रू समजते. त्यावर कातालिन कारिको व ड्र्यू वाइसमन यांनी 2005 साली अमेरिकेत तोड काढली. त्यांना 2023 चे नोबेल मिळाले. दुसरी अडचण पॅकिंगची. उघडी चिठ्ठी रक्तात टिकत नाही, म्हणून ती चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधतात. असे सुमारे दहा हजार कण ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल! कोविडच्या काही एमआरएनए लसी याच पॅकिंगमधून आल्या. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला 2022 साली मंजुरी मिळाली.

रक्तात सोडलेले हे कण बहुतेक यकृतात पोहोचतात. यकृतातच ‘एफजीएफ-21’ नावाचे प्रथिन बनते. त्याची चिठ्ठी दिल्यावर लठ्ठ उंदरांचे वजन उतरल्याचे 2022 साली प्रसिद्ध झाले. पण याच प्रथिनाने उंदरांची हाडे कमकुवत होतात, असे 2012 च्या एका संशोधनात आढळले होते. नंतरच्या काही प्रयोगांत तसे दिसले नाही. म्हणजे हिशोब अजून मिटलेला नाही.

माणसांतही सावधगिरी हवी. वजन झपाट्याने उतरले की हाडांवरचा भार कमी होतो आणि हाडे विरळ होऊ शकतात. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात, केवळ लिराग्लुटाइड इंजेक्शन घेणाऱ्यांच्या कंबरेच्या व मणक्याच्या हाडांची घनता घटली. इंजेक्शनसोबत व्यायाम करणाऱ्यांचे वजन सर्वांत जास्त उतरले, तरी हाडे टिकली.

बंधूंनो, लठ्ठपणावर किंवा हाडांवर मंजूर झालेले एमआरएनए औषध आज बाजारात नाही. त्या नावाने कोणी पुडी विकत असेल, तर ती फसवणूक समजावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन घेत असाल, तर हाडांच्या तपासणीचेही विचारावे आणि रोज चालावे, जिने चढावे. वजनकाट्यावर दिसणारा नफा हाडांच्या भांडवलातून आलेला नसावा.