सलाइनच्या सुईचे अर्थशास्त्र : सुरक्षित उपकरणरचना आणि सार्वजनिक खरेदी

रुग्णालयातील उपचारांत सलाइन लावणे ही नित्याची बाब आहे. शिरेत बसवलेली बारीक प्लॅस्टिक नळी म्हणजे कॅन्युला (बोलीभाषेत 'इंट्राकॅथ'), ती जागेवर धरून ठेवणारी चिकटपट्टी आणि बाटलीतून द्रव आणणारा संच ही त्यासाठीची तीन साधने होत. त्यांची किंमत अल्प असते. मात्र त्यांतील दोषाची किंमत मोठी असते आणि ती बहुधा खरेदीदाराला मोजावी लागत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

दोषाची तीन स्थाने

पहिले स्थान नळीच्या बांधणीचे. नळी हलत राहिल्यास शिरेचे अस्तर घासले जाऊन शीर सुजते, द्रव शिरेबाहेर झिरपतो किंवा नळी निसटते. मग रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते.

दुसरे स्थान सुईचे. नळी शिरेत सरकवल्यावर बाहेर येणारी सुई रक्ताने माखलेली असते. बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस-बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के मानला जातो. हिपॅटायटिस-सी बाबत तो सुमारे १.८ टक्के आणि एचआयव्हीबाबत सुमारे ०.३ टक्के आहे. सुई बाहेर येताच तिचे टोक आपोआप झाकणारी रचना हा त्यावरील उपाय होय.

तिसरे स्थान प्रवाहाचे. ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यावयाचा असून संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. परंतु बाटलीची उंची बदलली किंवा रुग्णाने हात दुमडला की ही गती बदलते. त्यासाठी पंप वापरले जातात. तथापि यंत्र आले म्हणजे धोका संपला असे नव्हे. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा पंपांविषयी सुमारे ५६,००० तक्रारी व अपघातांचे अहवाल आले. त्यांतील अनेक दोष रचनेचे होते.

निविदेतील दर आणि खरा खर्च

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साधी कॅन्युला ३० रुपयांना मिळते आणि १०० पैकी ४० नळ्या मुदतीपूर्वी निकामी होतात. पुन्हा नळी बसवण्याचा खर्च, म्हणजे नवी नळी, पट्टी आणि परिचारिकेचा वेळ धरून, १५० रुपये आहे. एकूण खर्च ३,००० अधिक ६,००० म्हणजे ९,००० रुपये होतो. सुधारित नळी ५० रुपयांची असल्याने तिच्याबाबत पुन्हा बसवण्याचा खर्च १७० रुपये येईल. निकामी होण्याचे प्रमाण २० वर आले, तर एकूण खर्च ५,००० अधिक ३,४०० म्हणजे ८,४०० रुपये. महाग वाटणारी नळी येथे स्वस्त ठरते. मात्र हे प्रमाण ३० पर्यंतच उतरले, तर खर्च १०,१०० रुपयांवर जातो. म्हणजेच निर्णय दरावर नव्हे, तर पुराव्यावर अवलंबून असतो.

याचे प्रत्यंतर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात आले. तेथील दोन रुग्णालयांतील १,८०७ रुग्णांवर नळी जागेवर धरून ठेवण्याच्या चार पद्धतींची तुलना करण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चारही गटांत सुमारे ४० टक्के नळ्या निकामी झाल्या. महागड्या पद्धतींचा निर्णायक लाभ दिसला नाही.

वरील हिशेबात परिचारिकेला टोचलेल्या सुईचा समावेश नाही. खरेदी एक विभाग करतो आणि इजा दुसऱ्याच व्यक्तीला होते. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. बाजारभावात तो उमटत नसल्याने शासनाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो.

नियमनाची वाटचाल

भारतात १९८९ साली एकदा वापरून टाकावयाच्या सिरिंज, सुया आणि द्रव देण्याचे संच औषध कायद्याच्या कक्षेत आले. पुढे मुंबईत औषधलेपित स्टेंटच्या वापरावरून वाद निर्माण झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र शासनाने आणखी दहा प्रकारची साधने अधिसूचित केली. स्टेंटबरोबरच शिरेतील कॅन्युलाही त्यांत होती. वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग करणारे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली तयार झाले व १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्वच वैद्यकीय उपकरणे या कक्षेत आली.

खरेदीदाराची भूमिका

नियमन किमान दर्जा ठरवते. उत्तम रचनेला चालना मात्र मागणीतून मिळते. अमेरिकेने २००० साली कायदा करून सुरक्षित सुयांचा वापर मालकांवर बंधनकारक केला आणि त्यांच्या निवडीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घेणे आवश्यक ठरवले.

खात्रीच्या मागणीचे बळ कर्नाटकातही दिसले. म्हैसूरच्या वायव्येस हेब्बाळ, हूटगळ्ळी, येलवाल या बाजूला शहराचा औद्योगिक विस्तार झाला आहे. त्यांपैकी हेब्बाळमधील स्कॅनरे या कंपनीच्या रचनेवर आधारित ३०,००० व्हेंटिलेटरची मागणी २०२० च्या महासाथीत भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे नोंदवण्यात आली. विक्रीची हमी मिळताच देशी उत्पादनाने वेग घेतला. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' केंद्राने डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र आणून उपकरणरचनेचे काम हाती घेतले. अशा रचनांना ग्राहक मिळवून देण्याचे काम सार्वजनिक खरेदी करू शकते.

सारांश, सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे सर्वांत कमी खर्च नव्हे आणि सर्वाधिक दर म्हणजे सुरक्षितताही नव्हे. निकामी होण्याचे प्रमाण, सुई टोचण्याच्या घटना आणि परिचारिकांचा अनुभव यांची नोंद निविदेच्या मूल्यमापनात आली, तरच सुरक्षित रचना सामान्य रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेल.