चीनची सहल, गाईडताई आणि एकोणसत्तर



मे २०१९ च्या सुट्टीत आम्ही घरचे चौघं चीनला जाऊन आलो. मी, मुलीचे बाबा, सासूबाई आणि आमची सात वर्षांची लेक. काय काय पाहिलं याची यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला आज वेगळंच सांगायचं आहे. पहिली-दुसरीला गणित शिकवताना माझी एक चूक होत होती आणि ती मला चीनमधल्या रेल्वेत बसल्यावर कळली.

खासगी गाईड का घेतला?

ग्रुपबरोबर गेलं की सोबत आपल्याकडचे लोक असतात, जेवणाची काळजी नसते. पण सकाळी सातला बसमध्ये बसायचं, अर्ध्या तासात ठिकाण बघायचं आणि पुन्हा बसमध्ये. सासूबाईंचे गुडघे आणि मुलीचे प्रश्न, दोन्ही त्या वेळापत्रकात बसणारे नव्हते. म्हणून थोडा खर्च जास्त झाला तरी फक्त आमच्या कुटुंबासाठी एक गाईड ठरवली. बीजिंगपासून शीआनपर्यंत ती आमच्यासोबत होती.

पंचविशीची मुलगी, इंग्रजी चांगलं. पहिल्याच दिवशी तिने लेकीला सांगितलं, "मला जिएजिए म्हण." जिएजिए म्हणजे ताई. झालं, ती आमची गाईडताई झाली.

तिचा फार उपयोग झाला. चीनमध्ये आपलं गूगल चालत नाही. दुकानदार मोबाईलवर पैसे घेतात आणि आपल्याकडे नोटा. सासूबाई शुद्ध शाकाहारी. गाईडताईने एका कागदावर चिनी भाषेत "मांस, मासे, अंडी नको" असं लिहून दिलं होतं. तो कागद सासूबाईंनी पूर्ण सहलभर पासपोर्टसारखा जपला.

दोन बोटं म्हणजे आठ

बीजिंगपासून साधारण ७० किलोमीटरवर मुतियान्यू इथे चीनची भिंत पाहायला गेलो. भिंतीच्या पायथ्याशी एक बाई उकडलेली मक्याची कणसं विकत होती. सासूबाईंनी हाताने खूण करून भाव विचारला. बाईने अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ताठ करून दाखवलं. सासूबाईंनी लगेच दोन युआन काढून दिले. बाई हसायला लागली आणि पुन्हा तीच खूण केली. सासूबाई म्हणाल्या, "अगं दिले की दोन!"

गाईडताई धावत आली. ती खूण आठची होती! आठ युआन म्हणजे तेव्हाचे साधारण ८० रुपये.

चीनमध्ये दहापर्यंतचे आकडे एका हातावर दाखवतात. पाचपर्यंत आपल्यासारखीच बोटं. सहासाठी अंगठा आणि करंगळी, आपण फोनची खूण करतो तशी. सातला अंगठा आणि दोन बोटांची टोकं जुळवायची. आठला अंगठा आणि तर्जनी. नऊला तर्जनी हुकासारखी वाकवायची. दहाला मात्र दोन्ही हातांच्या तर्जनी एकमेकींवर आडव्या ठेवतात. लेकीला हा खेळ इतका आवडला की भिंत राहिली बाजूला, ती बुरुजाच्या पायरीवर बसून बोटंच करत राहिली. ग्रुपमध्ये असतो तर "चला चला" झालं असतं. गाईडताई तिच्याशेजारी पायरीवर बसली.

ताशी ३०० च्या वेगात शंभरपर्यंत

बीजिंग ते शीआन हे अंतर सुमारे १२०० किलोमीटर. वेगवान रेल्वेने साधारण पाच तास लागतात. डब्याच्या टोकाला पाटीवर वेग दिसत होता. २९८, २९९, ३००. लेक आकडे बघत होती आणि गाईडताई तिला चिनी मोजणी शिकवत होती.

यी, अर, सान, स्स, ऊ, लिऊ, छी, बा, जिऊ, श. हे एक ते दहा. पुढे नवीन शब्दच नाही. अकरा म्हणजे "दहा एक". बारा म्हणजे "दहा दोन". वीस म्हणजे "दोन दहा". एकवीस म्हणजे "दोन दहा एक". नव्व्याण्णव म्हणजे "नऊ दहा नऊ". तासाभरात आमची लेक कुठलाही आकडा विचारला की चिनीत सांगायला लागली. चार आणि दहाचा उच्चार जवळजवळ सारखा असल्यामुळे तिथे ती अडखळायची. गाईडताई म्हणाली, "आमचीही मुलं अडखळतात, त्यावर आमच्याकडे जीभ वळवायचं एक गमतीचं वाक्यच आहे."

मला कौतुक वाटलं. आणि त्याच कौतुकाच्या भरात मी शिक्षिकेसारखी वागले. म्हटलं, "छान! आता मराठीत सांग बरं, ६९ ला काय म्हणतात?"

ती गप्प झाली. मान खिडकीकडे वळवली.

यामागची गोष्ट सांगायला हवी. पहिलीत तिचे आकडे कच्चे राहिले होते. "त्रेसष्ट" म्हटलं की ३६ लिहायची. "एकोणसत्तर" म्हटलं की ७९. शिक्षिकेची मुलगी आणि आकडे येत नाहीत, याची मला लाज वाटायची. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी तिच्याकडून ६९ वीस वेळा लिहून घेतला होता. पानावर डोळ्यांतलं पाणी पडून शाई पसरली तरी घेतला होता.

गाईडताईने विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत सांगितलं, "ती आकड्यांत जरा कच्ची आहे."

तिला नवल वाटलं. "आत्ता तर सगळे बरोबर सांगितले. तुमच्या भाषेत ६९ ला काय म्हणतात?"

"एकोणसत्तर."

"म्हणजे काय?"

मी समजावू लागले. एकोण म्हणजे एक कमी. सत्तरला एक कमी.

ती विचार करून म्हणाली, "म्हणजे तिने आधी सत्तर आठवायचे, त्यातून एक कमी करायचा, आणि मग लिहिताना सातने नाही, सहाने सुरुवात करायची?"

ती काही टोमणा मारत नव्हती, समजून घेत होती. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. डी.एड.ला आम्ही स्थानिक किंमत शिकलो, पाठ टाचण काढलं, काड्यांचे गठ्ठे केले. दहा वर्षं वर्गात शिकवलं. पण एकोणसत्तर या शब्दात सात वर्षांच्या मुलाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे मी कधी मोजलंच नव्हतं. मुलगी कच्ची नव्हती. तिला "सत्तर" ऐकू येत होतं, म्हणून ती ७ लिहीत होती. ती ऐकलेलंच लिहीत होती!

मराठी आकडे खरंच अवघड आहेत का?

शीआनला पोचेपर्यंत मी वहीत मराठी आकडेच लिहीत बसले. अडचणीच्या जागा अशा दिसल्या.

१. उलटा क्रम. आपण लिहिताना दशक आधी लिहितो, बोलताना एकक आधी बोलतो. त्रेसष्ट म्हणजे तीन आणि साठ. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं आणि ३६ होतात.

२. दशकाचं रूप बदलतं. साठ म्हणायला शिकवलं, पण बासष्टमध्ये "सष्ट" येतं. सत्तरचं बाहत्तरमध्ये "हत्तर" होतं. पन्नासचं बावन्नमध्ये "वन्न" आणि त्रेपन्नमध्ये "पन्न".

३. एककाचंही रूप बदलतं. दोनचं "बा" किंवा "ब्या", सहाचं "से" किंवा "शहा".

४. एकोण. १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंत एक कमी करून नाव. आणि ९९ ला मात्र हा नियम मोडून नव्व्याण्णव.

चिनी मुलाला दहा शब्दांत ९९ पर्यंत जाता येतं. आपल्या मुलाला जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं.

पण म्हणून चिनी मुलांचं सगळं सोपं आहे असं नाही. त्यांना वाचायला हजारो चित्राक्षरं घोकावी लागतात. आकड्यांत एकसाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन, तीनसाठी तीन. लेकीने चारला चार रेघा काढल्या तर ते चुकलं, चारची खूण वेगळीच निघाली. दहाची खूण मात्र आपल्या अधिकच्या चिन्हासारखी, ती तिला लगेच पाठ झाली. प्रत्येक भाषेत मुलांसाठी कुठे उतार असतो, कुठे चढ. शिक्षकाला चढ कुठे आहे हे माहीत हवं.

सासूबाईंचा पाठ

त्या रात्री शीआनमध्ये जेवायला बसलो. सासूबाई सगळं ऐकून होत्या. त्यांना पावकी, निमकी, दिडकी अजून येते. त्या म्हणाल्या, "आकड्यांची नावं काही वाईट नाहीत. तुम्ही नुसती पाठ करून घेता, दाखवत नाही."

त्यांनी टेबलावरची दात कोरायच्या काड्यांची डबी ओढली. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे केले, एकाला स्वतःच्या केसांचं रबर, बाकीच्यांना कागदी रुमालाच्या पट्ट्या. बाजूला नऊ काड्या सुट्या.

"किती झाल्या?"

लेक म्हणाली, "सहा दहा नऊ." मग स्वतःच म्हणाली, "साठ आणि नऊ."

"बरोबर. आता सातवा गठ्ठा बांधायला किती काड्या कमी आहेत?"

"एकच!"

"म्हणून त्याला म्हणतात एकोणसत्तर. सत्तर व्हायला एकच कमी."

लेकीने डबीतून एक काडी काढून ठेवली. "झाले सत्तर." मग ती काडी उचलली, "एकोणसत्तर." ठेवली, "सत्तर." असं पाच-सहा वेळा केलं आणि हसली. वीस वेळा लिहून जे झालं नव्हतं ते एका काडीने झालं.

मातीचे सैनिक

दुसऱ्या दिवशी मातीच्या सैनिकांचं संग्रहालय पाहिलं. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले. इसवी सनापूर्वी २१० मध्ये मरण पावलेल्या छिन सम्राटाच्या थडग्याची ही राखण. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. चार-चार जणांच्या ओळीत ते उभे आहेत. लेक कठड्याला धरून मोजत होती. दहा ओळी झाल्या की म्हणायची, "चाळीस!" मग पुढच्या दहा. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी इसवी सन ६५२ मध्ये बांधलेला मोठा पॅगोडा पाहिला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे युआन श्वांग, कुठे ह्युएनत्संग म्हणून जे भिक्षू भेटतात, त्यांनी भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो बांधला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात ते महाराष्ट्रातही येऊन गेले होते. हे सांगितल्यावर गाईडताईने विचारलं, "म्हणजे ते तुमच्या गावाकडे आले होते?" त्या दिवशी शिकवायची पाळी आमची होती.

जूनमध्ये शाळा उघडली

परत आलो आणि जूनमध्ये दुसरीचं नवीन गणिताचं पुस्तक हातात आलं. त्यात एकवीसला "वीस एक", बासष्टला "साठ दोन" असं वाचन दिलेलं. पुढे काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं. बातम्या, विनोद, विधानसभेत चर्चा. आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट पडले. एक म्हणे भाषा बुडाली, दुसरा म्हणे जुनं सगळं टाका.

मी दोन्हीकडे नव्हते. "वीस एक" ही शिडी आहे. संख्या समजेपर्यंत मुलाला ती हवी. पण बाजारात, घरात, आजीच्या तोंडी एकवीसच असणार, म्हणून शिडीवरून वर चढून मुलाला एकवीसपर्यंत नेणं हे आपलंच काम. कुठलं पुस्तक आहे यापेक्षा आपण मुलाच्या चुकीकडे कसं बघतो हे महत्त्वाचं.

वर्गात आणि घरी करून बघण्यासारखं

- आधी काड्या किंवा मणी, मग "साठ तीन", मग "त्रेसष्ट", शेवटी ६३ लिहिणं. हा क्रम सोडू नका.
- एकोणचे आकडे नेहमी पुढच्या दशकासोबत शिकवा. नऊ सुट्या काड्या समोर ठेवा आणि एक मुलाच्या हातात द्या.
- ६३ चे ३६ झाले तर "चूक" म्हणण्याआधी "तू काय ऐकलंस?" असं विचारा.
- बोटांच्या चिनी खुणांचा खेळ घ्या. मागच्या बाकावरची गप्प बसणारी मुलंही हात वर करतात.
- घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे पाढे, पावकी, निमकी वर्गात ऐकवा.

जादू काही झाली नाही. सहामाहीच्या पेपरात माझ्या वर्गातल्या काही मुलांनी अजूनही त्रेसष्टचे ३६ केले. पण आता ती रडत नाहीत, "बाई, काड्या द्या" म्हणतात.

आणि एप्रिलमधलं ते शाई पसरलेलं पान मी फाडलेलं नाही. लेकीच्या नाही, माझ्या पाठ टाचणाच्या वहीत लावून ठेवलं आहे.