कोळंबीच्या तळ्यात पैसा कुठे जातो?

पालघर-रायगडच्या खाडीकाठी खारी जमीन असलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, तळे खोदायला किती लागतील? खोदाई एकदाच करायची असते. दर हंगामाला हात पसरायला लावते ते खाद्य. म्हणून हिशेब तिथूनच मांडा.

एक हेक्टरच्या तळ्यात चौरस मीटरला 30 व्हनामी जातीची कोळंबी सोडायची, तर 3 लाख बीज लागते. आणणावळीसह नगाला 50 पैसे धरले, तर दीड लाख. त्यातले 80 टक्के जगले, 20 ग्रॅमचे झाले, की 4,800 किलो माल. किलोमागे 1.4 किलो खाद्य लागले, तर 90 रुपये दराने सहा लाखांवर खर्च. हेच प्रमाण 1.7 वर गेले, की आणखी 1 लाख 30 हजार गेले. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, पाणी बिघडते आणि रोग बळावतो.

खाद्यात वाया जाणारे हे पैसे चेक ट्रेवर, म्हणजे थोडे खाद्य घालून तळ्यात सोडलेल्या ताटलीवर वाचतात. खाद्य टाकल्यावर दोनेक तासांनी ट्रे उचलून बघा. दाणे उरले असतील, तर पुढचा हप्ता कमी करा. ट्रे साफ असेल आणि कोळंबीच्या पाठीतली शीर सलग भरलेली दिसली, तर खाद्य बरोबर चालले आहे. पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे धागे तरंगू लागले, तर खाद्य लगेच घटवून तज्ज्ञाला गाठा. ट्रे बघणारा माणूस जाणता हवा, त्याच्या पगारात कसर करू नका.

बीज स्वस्त मिळते म्हणून विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासणीशिवाय घेऊ नका. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला, तर काही दिवसांत तळे रिकामे होते. पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरला जनरेटरची जोड हवीच; प्राणवायू सर्वात कमी असतो पहाटे, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर सकाळपर्यंत थांबता येत नाही.

कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीकडे नोंदणी आधी करा. कांदळवन तोडून तळे काढायचा विचारसुद्धा नको. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या तोडीला बंदी घातली आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदानाची तरतूद आहे, पण त्या भरवशावर खाद्याची उधारी करू नका.

भाव काउंटवर ठरतो, म्हणजे किलोत किती नग बसतात त्यावर. 50 काउंटला 100 काउंटपेक्षा चांगला दर मिळतो. 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवल्याचा फटका निर्यातीला बसला, तेव्हा कालचा दर गृहीत धरू नका. जाळे ओढण्याआधी दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा आणि काउंटचा नमुना स्वतः उभे राहून मोजून घ्या.