शाळेच्या अंगणातील खतखड्डा

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्या मराठीत म्हण आहे. उपेक्षितालाही कधी तरी चांगले दिवस येतात, असा तिचा अर्थ आपण घेतो. परंतु टाकाऊ शेणकचऱ्याचे कालांतराने सुपीक खत होते, हे पाहिल्यावाचून ती म्हण सुचली नसती. त्या उकिरड्यास बारा वर्षे न थांबता तीन महिन्यांतच त्याचा पांग फिटावा, अशी रीत आपल्या इंदूर शहरात शास्त्रशुद्ध रूपास आली, हे मात्र आपल्या थोड्याच मुलांस ठाऊक असते. प्रस्तुत पाठात त्या रीतीचा परिचय करून घेऊन ती शाळांत कशी न्यावी, याचा विचार करू.

आल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले व प्रथम बिहारातील पुसा येथे काम करू लागले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूर येथील संशोधनसंस्थेचे संचालकपद सांभाळले. या संस्थेस होळकर संस्थानाने जमीन दिली होती. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती व राख यांपासून खत करण्याची पद्धती बसविली आणि १९३१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ही रीत ‘इंदूर पद्धती’ या नावाने देशोदेशी ओळखली जाते. विशेष हे की, शेतकऱ्यांचा अनुभव व चीनमधील जुनी शेती यांना हॉवर्ड यांनी गुरुस्थानी मानले होते.

या रीतीचे मर्म थरांत आहे. वाळक्या काडीकचऱ्याचा एक थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर माती व राख यांचा शिडकावा आणि बेताचे पाणी, असा क्रम चालतो. कुजविण्याचे काम डोळ्यांस न दिसणारे जीवाणू व बुरशी करतात. त्यांस कर्ब, नत्र, ओलावा व हवा ही चारही लागतात. वाळका पाला कर्ब देतो. शेण, फुले व भाजीची देठे नत्र देतात. कर्बाचे सुमारे तीस भाग व नत्राचा एक भाग असे प्रमाण साधले, म्हणजे ढीग काही दिवसांत तापतो. त्याची उष्णता पन्नास ते साठ अंश सेल्सिअसपर्यंत चढते व तीत तणांचे पुष्कळसे बी मरते. हवा खेळती राहावी म्हणून सुमारे पंधरा, तीस व साठ दिवसांनी ढीग उलथून घ्यावयाचा असतो.

हे सर्व सांगणारे आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी देवळातील निर्माल्य देऊन आम्ही जवळच्या एका शाळेत खड्डा करविला. नारळ फुटला, भाषणे झाली. त्यानंतर रोज ओली फुले पडत राहिली. वाळका पाला कोणी घातला नाही, आणि ढीग उलथण्याची पाळी आम्ही कोणाकडेच नेमून दिली नव्हती. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचले, हवा कोंडली, दुर्गंधी सुटली व तो बुजवावा लागला. ती मुले त्यातून एवढेच शिकली की, कुजणे म्हणजे घाण. खत वाया गेल्याचे दुःख नाही. मुलांच्या मनावर उमटलेला हा चुकीचा धडा आम्हांस अजून बोचतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानी धराव्या. ढीग लांबी, रुंदी व उंचीने सुमारे तीन तीन फूट असावा. याहून लहान ढीग नीट तापत नाही. पावसाळ्यात खड्डा न करता जमिनीवरच ढीग रचून तो झाकावा. ओला कचरा पडला की, त्यावर लगेच वाळका पाला पडलाच पाहिजे. तेलकट शिजलेले अन्न व दूध त्यात नको. मूठभर खत दाबून पाहावे. ओल्या फडक्यासारखे लागावे, पण पाणी ठिबकू नये. काम संपताच हात साबणाने धुवावे. वर्गवार पाळ्या लावाव्या. एकाने वजन करावे, दुसऱ्याने उष्णता मोजावी, तिसऱ्याने रोजनिशी लिहावी. गणित, विज्ञान व भाषा यांचा अभ्यास त्यातच होतो.

कोणी विचारील की, नगरपालिकेची गाडी दारी येत असता हा खटाटोप कशाला? इंदूरने ओला व सुका कचरा वेगळा करण्यात देशात नाव मिळविले आहे, आणि २०२२ साली देवगुराडिया येथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याच्या क्षमतेचा कारखानाही सुरू झाला. ही व्यवस्था स्तुत्यच आहे. परंतु मुलाच्या दृष्टीने कचरा गाडीत पडला की संपला. तो पुढे काय होतो, हे त्यास दिसत नाही. शाळेच्या खड्ड्यात मात्र आपण टाकलेले केळीचे साल काळ्या मातीत विरलेले व त्या मातीत मेथी उगवलेली तो स्वतः पाहतो. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या आपल्या परंपरेचा अर्थ त्याला येथे हाताने कळतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आरंभ केल्यास वार्षिक परीक्षेपूर्वी खत हाती येते; ज्या मुलांनी आरंभ केला, त्यांनाच शेवटही पाहावयास मिळतो. सभासद कुटुंबांनी हारांतील दोरा, जर व प्लॅस्टिक काढूनच निर्माल्य द्यावे आणि अंगणातील वाळका पाला न जाळता पोत्यात भरून ठेवावा, एवढी आमची विनंती आहे. या खेपेस पाळ्यांची यादी आधी होईल, नारळ मागाहून फुटेल.